ताई म्हणायचं नाही

९ नोव्हेंबर, सोमवार

हरलो. ७४–३१. तेरा सामने झाले, तेराही हरलो.

'हरलो' असं कधीपासून लिहायला लागले मी? ऑगस्टमध्ये प्राचार्यांनी बोलावून सांगितलं — मुलींच्या बास्केटबॉल संघाबरोबर एक बाईमाणूस हवं असा लीगचा नियम आहे, तुम्ही जाल का, ग्रंथालयात तशी गर्दी नसते. नसतेच. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मी संघाची व्यवस्थापक झाले. पाण्याच्या बाटल्या, ओळखपत्रं, प्रथमोपचाराची पेटी. मुली मला पाठीमागे 'शांतता मॅडम' म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही.

आज बँकेच्या बायका होत्या. सगळ्या तिशीच्या पुढच्या, दोघींना शाळेत जाणारी मुलं. आमच्या पोरी सतरा-अठराच्या. गेल्या वर्षीचा अख्खा संघ पदवी घेऊन निघून गेला, मागे ही बालवाडी उरली. आमची सगळ्यात उंच पोर, लांबडी, धावताना त्यांच्यातल्या एकीला धडकली आणि चक्क थांबून म्हणाली, "सॉरी हं ताई." ताईंनी "असू दे गं" म्हणत तेवढ्यात बास्केट केली. सगळ्यात लहानखुऱ्या पिल्लूच्या हातातून तर चेंडू असा काढून घेतला, जशी रांगत्या मुलाच्या हातून कात्री काढून घेतात. वर पुन्हा, "हळू बाळा, पडशील."

परतताना बसमध्ये सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. गणित शिकवतात, संघाचे प्रशिक्षकही तेच, वय अठ्ठावीस, ओरडून ओरडून आवाज पार गेलेला. उतरायच्या आधी उभे राहिले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून मैदानावर ताई म्हणायचं नाही. जी म्हणेल तिला दहा फेऱ्या."

पिल्लूने विचारलं, "मग काय म्हणायचं, सर?"

"काही म्हणायचं नाही."

"एकदम गप्प? उद्धटपणा वाटतो ना."

१० नोव्हेंबर, मंगळवार

पिल्लूने चाळीस फेऱ्या मारल्या.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

सरांची नवी युक्ती. मोठ्या बायकांना धक्का देऊन पुढे जायची सवय व्हावी म्हणून त्यांनी मोठ्या बायकाच मैदानावर उभ्या केल्या — कार्यालयातल्या टायपिस्ट बाई, रसायनशास्त्राच्या मॅडम आणि मी. पर्स बाजूला ठेवून, हात पसरून उभ्या! मुलींनी चेंडू घेऊन आमच्यातून वाट काढायची. पिल्लू सुसाट आली आणि माझ्यासमोर येऊन उभीच राहिली. "मॅडम, तुम्ही जरा सरकता का?"

सरांनी डोक्याला हात लावला.

मला मात्र हसू आवरेना. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये गुरुवारी नेटबॉल असायचा. खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, सिस्टरांच्या कमरेला शिट्टी. मीही अशीच होते. समोर वरच्या वर्गातली मुलगी आली की माझे पाय आपोआप बाजूला व्हायचे. सिस्टर म्हणायच्या, "तू खेळायला आली आहेस की दार उघडायला?"

आज घरी येऊन उगीच तीनदा जिना चढले-उतरले. काही हवं नव्हतं. पाय एका जागी ठरत नाहीत.

१५ नोव्हेंबर, रविवार

अकराला लेकीचा फोन आला. दर रविवारी येतो, चार मिनिटांचा. तब्येत, गॅस, खालच्या भाडेकरूंचा कुत्रा. आज मी विचारलं, "सराव चालू आहे?" ती म्हणाली, "चालू आहे." मग "चल, ठेवते."

आता लिहूनच टाकते. शेवटचा सामना अठ्ठावीस तारखेला आहे, पाणीपुरवठा खात्याच्या संघाबरोबर. त्यांची कॅप्टन माझी लेक आहे.

एकोणिसाव्या वर्षी तिने कॉलेज अर्धवट सोडून ही खेळाडूंसाठी राखीव असलेली नोकरी धरली. तिचे बाबा तेव्हा नव्हते. असते तर त्यांनी दोघींना समोरासमोर बसवलं असतं. मी ग्रंथपाल बाई, मला पदवी म्हणजे सर्वस्व. "चेंडूवर पोट भरत नाही," मी म्हणाले. "यापुढे तुझा एकही सामना मी बघायला येणार नाही," असंही म्हणाले. ती म्हणाली, "नको येऊस." पंधरा वर्षं झाली. पोट तर भरलं. पोरगी कॅप्टन झाली.

आणि मी जाते. तिला माहीत नाही. डोक्याला स्कार्फ बांधून सगळ्यात मागच्या रांगेत बसते, संपायच्या पाच मिनिटं आधी निघते.

सप्टेंबरमध्ये याच संघाशी पहिला सामना होता. मी तापाचं सोंग केलं आणि टायपिस्ट बाईंना पाठवलं. एक्केचाळीस गुणांनी हरल्या पोरी. आता दुसऱ्यांदा ताप कुठून आणू?

१७ नोव्हेंबर, मंगळवार

प्राचार्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं. एक तरी सामना जिंका, नाहीतर पुढच्या वर्षी संघ उतरवणार नाही. "चौदा वेळा नाक कापून घ्यायची हौस कॉलेजला परवडत नाही." राहिला एकच.

मुलींना कळलंय. सराव झाल्यावर कोणी घरी जाईना. लांबडी म्हणाली, "पाणीपुरवठावाल्या आहेत, पाणी पाजणारच." कोणी हसलं नाही. मग एकदम सगळ्याच हसल्या, आणि उठून पुन्हा सरावाला लागल्या.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

सर ग्रंथालयात आले. माझ्या टेबलावर कागद पसरला — बाण, गोल, फुल्या.

"मॅडम, त्यांची कॅप्टन... तुमच्या कन्या ना?"

"कोण म्हणालं?"

"टायपिस्ट बाई."

मी शिक्के सरळ करत बसले. ते म्हणाले, "पहिल्या सामन्यात त्यांनी एकटीने एकोणतीस गुण केले. त्यांना अडवायला पिल्लू असते. ती मागे मागे जाते, कारण त्या कधी वाऱ्यासारख्या आत शिरतील सांगता येत नाही. काही सांगता येईल तुम्हाला? एखादी सवय वगैरे?"

"आमचं खेळाबद्दल बोलणं होत नाही," मी म्हणाले.

हे खरं आहे. सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, आता उरलेलंही सांग.

उरलेलं असं. दोन वर्षांपूर्वी तिचा डावा गुडघा दुखावला. तिने कोणालाच सांगितलं नाही, मलाही नाही, तिच्या संघालाही नसावं. पट्टासुद्धा बांधत नाही. पण मला दिसतं. घरी आली की जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय टाकते. आणि मैदानावर — ती आता आत शिरत नाही! उजव्या हाताने आत शिरून बास्केट करायची तर डाव्या पायावर उडी घ्यावी लागते, आणि तो पाय ती वापरत नाही. आत शिरल्यासारखं दाखवते, समोरची घाबरून मागे हटते, की ही जागच्या जागी थांबून लांबून मारते. वाऱ्यासारखी होती हे लोकांच्या डोक्यात आहे, त्यावर दोन वर्षं निभावते आहे माझी पोर.

कोणी जवळ जाऊन उभं राहिलं तर संपलं.

२२ नोव्हेंबर, रविवार

फोन. तीन मिनिटं. तिने विचारलं, "शनिवारी बाकावर तूच बसणार ना?"

"नियम आहे," मी म्हणाले.

"हो. नियम आहे."

२५ नोव्हेंबर, बुधवार

इतिहासाची पुस्तकं भूगोलाच्या कपाटात लावली. दुपारभर. शिपाई म्हणाला, "मॅडम, बरं नाही का?" मग सगळी परत काढली.

माझ्या पोटची ती आहे. या पोरी कोण माझ्या? असं स्वतःला विचारते आणि डोळ्यांसमोर पिल्लू येते, फेऱ्या मारताना.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

पिल्लू पुस्तक परत करायला आली होती. मुदत संपायला आठ दिवस होते. म्हटलं, एवढी घाई का? तर म्हणाली, "उद्या झालं की मी खेळणं सोडणार आहे, मॅडम. मग तास संपले की थेट घरी, इकडे येणं होणार नाही. आई म्हणते, पुरे झालं, चेंडूवर पोट भरतं का."

पंधरा वर्षांपूर्वीचे माझेच शब्द. मी खुर्चीत जरा मागे टेकले.

"तू काय म्हणालीस आईला?"

"काय म्हणणार? तेरा सामने हरल्यावर कोणत्या तोंडाने बोलू?"

माझी लेक बोलली होती, तिच्याकडे बोलायला तोंड होतं. हिच्याकडे नाही. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. जवळ जा. हातभर अंतरावर उभी राहा. ती तुला चुकवून आत जाणार नाही. डावा पाय, उडी, सगळं. पिल्लू डोळे मोठे करून ऐकत होती.

"पण अंगाला लागायचं नाही," मी म्हणाले. "फक्त समोर उभी राहा. तिला धक्का लागला तर मी तुला माफ करणार नाही."

"नाही लागणार, मॅडम." मग हळूच, "त्या तुमच्या कोण, हे माहितीये आम्हाला सगळ्यांना."

ती गेल्यावर लगेच वाटलं, पळत जाऊन थांबवावं. जिन्यापर्यंत गेलेही. खाली सर आणि ती बोलत होते. सरांनी वर पाहिलं. मी परत आत आले.

२८ नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो. ५२–४८.

आजच लिहून ठेवते.

पहिल्या पाच मिनिटांतच तिला कळलं. पिल्लू तिच्या छातीशी जाऊन उभी. ती सरकली की ही सरकते, तोंडातून शब्द नाही. लेकीने दोनदा हूल दिली. पिल्लू हललीच नाही. मग तिने मान वळवून आमच्या बाकाकडे पाहिलं. सरांकडे नाही. माझ्याकडे.

मध्यंतरापर्यंत तिचे चार गुण. त्यांची प्रशिक्षक बाई ओरडत होती, "कॅप्टन, आत जा ना! अडवतंय कोण, ते चिमुरडं?" तिच्या संघातल्याही एकमेकींकडे बघायला लागल्या. सगळ्यांसमोर उघडं पडत होतं, आणि ते मी केलं होतं.

तिसऱ्या भागात ती आत शिरली. उजवीकडून, पूर्वीसारखी, वाऱ्यासारखी. डाव्या पायावर उडी घेतली. काय सुंदर उडी होती! चेंडू आत गेला आणि ती खाली आली ती उठलीच नाही.

पिल्लू तिच्यापासून दोन हात लांब होती. धक्का नव्हता. तिने तोंडावर हात दाबला आणि मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "ताई!"

माझ्या हातात पेटी होती. ती आमच्या मुलींसाठीची. मी मैदान ओलांडून गेले, गुडघ्यावर बसले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी पट्टी काढायला लागले तर ती म्हणाली, "तुझा संघ तिकडे आहे."

ओरडून नाही. जसं फोनवर "चल, ठेवते" म्हणते तसं.

तिला उचलून नेलं. मी मागे जाणार होते, पण त्यांच्या माणसाने हात आडवा केला. "बाई, तुम्ही कोण?" मी काही बोलायच्या आत गाडी गेली.

उरलेला सामना मी पाहिला म्हणजे डोळ्यांसमोर झाला. लांबडीने शेवटी शेवटी चेंडू असे ओढून घेतले की बायका बघत राहिल्या. एकीला खाली पाडलं आणि वळूनही पाहिलं नाही. शिट्टी झाली, मुली एकमेकींच्या अंगावर पडून रडल्या, सर तर बाकावर उभे. पिल्लू नाचली नाही. येऊन माझ्या शेजारी बसली. "माझा धक्का नाही लागला त्यांना, मॅडम. शपथ."

"पाहिलं मी," म्हणाले.

तिथून तडक इस्पितळात गेले. दाराशी तिच्या संघातली एक उभी होती. "आत्ता कोणाला भेटायचं नाही म्हणाली ती." कोणाला, असंच म्हणाली. मला, असं म्हणाली नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार

अकरा वाजले. सव्वाअकरा. बारा. फोन नाही.

१ डिसेंबर, मंगळवार

प्राचार्यांनी पेढ्यासारखं गोड बोलून संघ पुढच्या वर्षासाठी कायम केला. पिल्लूची आई तिला सोडायला आली होती, लांबून सराव बघत उभी होती. मी तिच्याशी बोलायला गेले नाही. काय सांगणार?

दुपारी ग्रंथालयातला फोन वाजला. लेक.

"गुडघ्याचं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग पोरीला कसं कळलं? हे जुनं दुखणं असतं तर तुला ठाऊक असणं मी समजले असते. दोन वर्षांतलं आहे हे. माझ्या प्रशिक्षकालाही दिसलं नाही."

"मला दिसलं."

"कुठून दिसलं?"

मग सांगितलं. पंधरा वर्षं, चौतीस सामने. शेवटची रांग, स्कार्फ. जिन्याचंही सांगितलं. मी म्हणाले, "मी तुझं वाईट केलं." ती नाही म्हणाली नाही.

मग म्हणाली, "चौतीस?"

"हो."

"आणि चौतीस वेळा मला न भेटता गेलीस."

फोन ठेवला.

४ डिसेंबर, शुक्रवार

काही नाही. सरावाला गेले, बाटल्या भरल्या, आले. पुस्तक उघडते आणि तेच पान वाचते.

६ डिसेंबर, रविवार

फोन नाही.

९ डिसेंबर, बुधवार

काल तिच्या संघातल्या मैत्रिणीने कळवलं, आज ऑपरेशन आहे. सकाळी सातला जाऊन इस्पितळाच्या बाकावर बसले, दारापासून लांब, पण दार उघडं होतं, आतलं दिसत-ऐकू येत होतं. परिचारिका फॉर्म घेऊन तिच्या खाटेशी आली आणि विचारलं, "घरचं कोण थांबणार?" लेक दारातून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई थांबेल." मला विचारलं नाही.