झाडाचा शेंडा

३ ऑक्टोबर
पोचले एकदाची नाराला! हातानो गुरुजींचं घर तळ्याकाठी आहे आणि घरभर शाईचा वास. गुरुजींच्या बायकोनं चहा दिला, वर पिकलेल्या काकी फळाच्या फोडी. आता वर्षभर इथंच राहून कांजी चित्राक्षरं गिरवायची. आधीची शिष्या कोझुए हिनं माझं अंथरूण स्वतः घातलं. "फुसाएताई, घोरत नाहीस ना गं?" म्हणाली. दोघी खूप हसलो.

११ ऑक्टोबर
माझा कागद बघून गुरुजी म्हणाले, "हे अक्षर आहे की मेलेला खेकडा?" कोझुएच्या कागदापुढे मात्र उभेच राहिले. देवळाची नवी पाटी तीच लिहिणार. बयेला धड भात शिजवता येत नाही! रात्री मला समजावायला आली. तिचा तो गोडवाच सहन होत नाही.

१९ ऑक्टोबर
तिच्या नावाचं अक्षर म्हणजे झाडाचा शेंडा; त्यात डावीकडे 'झाड' हेच अक्षर असतं. आज ते लिहिलं आणि त्यातल्या झाडाची एक फांदी मुद्दाम गाळली. कागद शेगडीत टाकला. बरं वाटलं.

२४ ऑक्टोबर
कोझुए आज 'झाड' लिहिताना फांदी विसरली. पहिलीतलं पोर लिहितं ते अक्षर! गुरुजींना थट्टा वाटली. ती मात्र रडवेली झाली. मी खोलीत जाऊन तिच्या नावातली आणखी एक रेघ गाळली. मग आणखी एक.

२ नोव्हेंबर
कोझुए एक कागद घेऊन आली. "ताई, काय लिहिलंय गं हे?" तिचंच नाव होतं. मी सांगितलं नाही.

६ नोव्हेंबर
कोझुएचे वडील येऊन तिला घेऊन गेले. ते हाका मारत होते, तिला कळतच नव्हतं कुणाला मारताहेत. पाटी मी लिहायची.

९ नोव्हेंबर
लिहिली. गुरुजींचे डोळे भरून आले. म्हणाले, हुबेहूब कोझुएचा हात.
कोझुएचा! गेली तरी तिचंच—

१० नोव्हेंबर
कुंचला ऐकत नाही. 'नदी' लिहायला जाते, 'पाऊस' लिहायला जाते— कागदावर झाडाचा शेंडा. एकही रेघ न गाळलेला.

१२ नोव्हेंबर
गुरुजींच्या बायकोनं हाक मारली, "कोझुए, जेवायला ये."
मी ओ दिली.

१३ नोव्हेंबर
माझं नाव लिहून ठेवते, तेही जायच्या आत. पहिलं अक्षर— त्यात वर दाराचं चिन्ह. हो, दारच. आणि दाराखाली— दाराखाली