मागल्या दरवाज्याचं घड्याळ

बंगळूर, २ ऑगस्ट १९८४

ती. बाबांना अनूचा शि. सा. न.

आठ महिन्यांनी मासा गळाला लागलाय! उपग्रहावरच्या आमच्या यंत्राने ९ जूनला दूर आकाशातला गॅमा किरणांचा स्फोट टिपलाय, असं वाटतंय. एरवी हे यंत्र रोज फसवतं. कधी सूर्य भडकतो, कधी उपग्रह पृथ्वीभोवतीच्या कणांच्या पट्ट्यातून जातो, की कागदावर अगदी तसाच सुळका उठतो. असे दोनशे बारा मी खोडले. हा मात्र कशातच बसत नाही. दुसऱ्या उपग्रहालाही तो दिसला का, तेवढं बघायचं राहिलंय. महिनाअखेर एकही खरा सापडला नाही, तर आमचे प्रमुख चंद्रप्रकाश साहेब हे काम बंद करणार आहेत. म्हणून अजून कुणाला सांगू नका.

आईला नमस्कार. माया आहेच, ती असू द्यावी.

आपली अनू

भटवाडी, घाटकोपर, ७ ऑगस्ट

चि. अनूस अ. उ. आ.

कुणाला सांगू नका, हे असं शेवटी लिहितात का गं? तिथवर पोचेपर्यंत मी जिन्यात ओरडलो होतो. पेढे आणून सगळ्या मजल्यांवर वाटले. शेजारच्या रुक्मिणीकाकूंनी विचारलं, स्फोटात कुणाला लागलं तर नाही ना? मी म्हटलं, फार लांब झालाय. त्यांना हायसं वाटलं. सगळीकडे सांगून बसलो म्हणून तुझी आई माझ्याशी बोलत नाही, पण पेढे तिनेही दोन खाल्ले.

तुझा बाबा

बंगळूर, १३ ऑगस्ट

ती. बाबांना शि. सा. न.

बाबा, कमाल करता तुम्ही! आता वाट लागली. दुसऱ्या उपग्रहाच्या टेपवर त्या वेळेला काहीच नाही, नुसती सपाट रेघ. म्हणजे हा दोनशे तेरावा. साहेब म्हणाले, खोडून टाका. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. अजून खोडलेला नाही. काकूंना काय सांगायचं, ते आता तुम्हीच ठरवा.

आपली अनू

घाटकोपर, १८ ऑगस्ट

चि. अनूस अ. उ. आ.

काकूंना सांगितलं, चौकशी चालू आहे. तू इतक्यात खोडू नकोस.

मी गिरणीत एकवीस वर्षं आगीच्या बंबावर होतो. घंटा झाली की आधी दोन्ही दरवाज्यांच्या पहारेकऱ्यांना विचारायचं, हा आमचा नेम. एकदा कापसाच्या गोदामातून खरंच धूर निघाला. पुढल्या दरवाज्यावर दशरथने वेळ लिहिली सकाळचे दहा, मागल्यावर गुणाजीने पावणेदहा. मॅनेजर म्हणाला, एक जण खोटं बोलतोय. दशरथची नोकरी जायची वेळ आली. मी जाऊन बघतो तर मागलं घड्याळ पंधरा मिनिटं मागे! माणसं दोघंही खरी होती. तुमच्याकडे वेळ कोण लिहितं?

आईने चिवडा पाठवलाय. आमचं बोलणं सुरू झालं.

तुझा बाबा

बंगळूर, २४ ऑगस्ट

ती. बाबांना शि. सा. न.

वेळ मीच लिहिते, आणि मीच घोळ घातला! टेपवर वेळ आधीच ग्रिनिचची होती. ती आपली समजून मी साडेपाच तास वजा केले, आणि दुसऱ्या टेपवर भलत्याच जागी शोधत बसले. खऱ्या वेळेला तिथे तसाच सुळका आहे, बाबा. सूर्य, पट्टा, सगळं पुन्हा तपासलं. स्वच्छ! साहेबांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला, मग म्हणाले, काम चालू राहील. आता खुशाल पेढे वाटा.

आपली अनू

घाटकोपर, ५ सप्टेंबर

चि. अनूस अ. उ. आ.

पत्र वाचून डोळे भरून आले. पण या वेळी शेवटपर्यंत वाचलं आणि तरी पेढे आणले नाहीत. हा एकाच दरवाज्याचा निरोप झाला. म्हणून तुझ्या साहेबांना कार्ड टाकलं. उत्तर आज आलं. स्फोट खरा आहे, आणि तुमच्या मुलीने स्वतःची चूक स्वतः येऊन सांगितली, म्हणून शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं, असं लिहिलंय त्यांनी. हे तू मला कळवलं नव्हतंस, लबाड!

पेढे वाटून आत्ताच बसलो. काकूंनी घाबरून विचारलं, पुन्हा स्फोट झाला का? म्हटलं, नाही हो, तोच. आता खात्री झाली.

तुझा बाबा