सहा मिनिटांची डबी

प्रिय भावजींस,

नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही (वयाने तुम्ही मोठे, नात्याने मी, त्यातलं लागेल ते घ्या). गुडघा वळायला लागला का? जाऊबाईंचा खोकला गेला असेल, नसेल तर त्यांना सांगा की मी विचारलं होतं, म्हणजे निदान रागाने थांबेल. मी बरी आहे.

पत्राचं कारण असं की गेल्या आठवड्यात माझ्या हातून तुमच्या दादांची अंडी उकडायची डबी मेली. आठवत असेल, तुमच्या लग्नाच्या वर्षी त्यांनी एका बैठकीत दोन जुळ्या डब्या केल्या, एक आम्हाला, एक तुम्हाला. बटण दाबलं की सहा मिनिटांनी ओरडायची, अंडं झालं म्हणून. पुढे पुढे आमचं अंडं कच्चं निघायला लागलं. मी म्हणायचे, डबी लवकर ओरडते. ते म्हणायचे, "डबी बरोबर आहे, तुझी कोंबडी आळशी आहे." (एकदा मी घड्याळ लावून दाखवलं, तर घड्याळ दुरुस्तीला दिलं.) तर पुसायला म्हणून मी सेल काढले आणि उलटे बसवले. झाकणाच्या आत त्यांनी बारीक अक्षरात सूचना लिहिल्यात. 'सेल उलटे लावू नयेत' ही सातवी आहे. मी सहावीला कंटाळले.

ते गेल्यापासून त्यांच्या कपाटातली पुस्तकं वाचते आहे, आधी धूळ झटकायला उघडली, मग बंद करवेनात. त्यामुळे आत आठ पायांची टायमरची चिप असते आणि तीच जळाली, एवढं मला कळलं. इतकी जुनी वस्तू आता कुठली मिळायला, म्हणून कुणी गेल्यावर भेटायला जाताना नेसते ती साडी नेसून, चेहरा तसाच करून दुकानात गेले. दुकानदाराने खुर्चीतून न उठता खण ओढला आणि विचारलं, "किती देऊ?"

मला अपमानच वाटला. म्हटलं, "अहो, ही अजून बनते?"

"आजी, माझे वडील हीच विकायचे. ही बघा, गेल्या वर्षी बनलेली."

"इतक्या वर्षांत कुणी बंद कशी नाही केली?"

"चांगलं चाललेलं कोण बंद करतं?"

यावर माझ्याकडे एक उत्तर होतं, पण दुकानात गर्दी होती.

त्याच्याच सांगण्यावरून चिपशेजारचा कपॅसिटरही नवा घेतला. तोही तसाच, अजून बनणारा, जुन्यासारखाच निळा. घरी येऊन दोन्ही बसवले (बोट भाजलं, टेबलही). जुन्या कपॅसिटरचा पाय काढतानाच मोडला, म्हणून तो फेकला. डबी ओरडली. घड्याळ बघितलं, बरोब्बर सहा मिनिटं. मग पुस्तकात सापडलं की हा कपॅसिटर वर्षानुवर्षं सुकत जातो आणि वेळ कमी होत जाते. म्हणजे तुमच्या दादांनी डबी बरोबरच केली होती आणि ती चुकते हे माझं म्हणणंही बरोबर होतं. दोघंही जिंकलो, आणि हे सांगायला गेले तर ऐकायला कुणी नाही. अंडं मात्र उत्तम झालं. अर्धं टाकलं.

जाऊबाईंना नमस्कार.

तुमची वहिनी

ता. क. तुमची डबी किती मिनिटांनी ओरडते ते घड्याळ लावून कळवा. हुशारी करून दुरुस्त करू नका.

ता. क. दुसरा. चार-साडेचार मिनिटं असली तर मला द्या आणि माझी घेऊन जा. माझी अगदी अचूक आहे, जाऊबाई खूश होतील. मला अंडं जरा कच्चं हवं आहे. नीट उकडलं तर मी भांडू कुणाशी?

ता. क. तिसरा. आणताना सेल काढून आणा, आणि इथे आल्यावर तुम्हीच बसवा. सातवी सूचना वाचून.