दोन ब्रेकांची गाडी आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणार बाई, वय वर्षे एकाहत्तर, तीस वर्षे मोटार शिकवण्याचा धंदा केला, आता बंद. हे मृत्युपत्र मी आपखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्या भाच्याला तेवढा पुरणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सर्वांची पूर्ण नावे व पत्ते जोडपत्रात आहेत.

कलम १. यजमान गेल्यावर घर खायला उठू लागले, तेव्हा मी एका संस्थेत बिनपगारी मार्गदर्शक झाले. भरकटलेल्या मुलामुलींना आठवड्यातून एक तास द्यायचा, एवढेच काम. आधी तीन दिवस प्रशिक्षण झाले. त्यात मान कशी डोलवायची ते शिकवले. मग सुधारगृहातली एक सतरा वर्षांची मुलगी माझ्या वाट्याला आली; त्या तासापुरती तिला माझ्या घरी आणून सोडत. शेजाऱ्याची मोटार पळवून तिने ती भिंतीत घातली होती. सगळे तिला भिंगरी म्हणत. संस्थेच्या कागदांत ती "लाभार्थी क्रमांक चौदा" होती.

पहिल्याच दिवशी तिने विचारले, "याचे पैसे मिळतात तुम्हाला?"

"नाही."

"मग डोकं फिरलंय का तुमचं?"

सबब, या मुद्द्याची पहिली तपासणी डॉक्टरांच्याही आधी झालेली आहे.

कलम २. त्यानंतर अकरा आठवडे ती एक अक्षर बोलली नाही. संस्थेच्या छापील तक्त्यात "सकारात्मक बदल" असा रकाना होता. मी खरे तेच लिहिले : "आज बिस्कीट घेतले." अध्यक्षीणबाईंनी ते खोडून "आत्मविश्वासात लक्षणीय वाढ" केले. हे सर्व तक्ते आणि मला मिळालेली दोन सन्मानचिन्हे त्यांना परत करावीत. एक सन्मानचिन्ह मागच्या दाराला टेकू म्हणून फार उपयोगी पडले, हे त्यांना आवर्जून सांगावे.

कलम ३. बाराव्या आठवड्यात भिंगरी माझीच गाडी घेऊन पसार झाली. भाचा धावत आला. "सांगितलं नव्हतं, आत्या? चला पोलिसांत." मी त्याला चहा करायला लावले. दुपारी ती परत आली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"मागे घेताना खांबाला घासली. ओरडायचं तर ओरडून घ्या."

"आरसा बघितला होतास?"

"नाही."

"चल मग, पुन्हा मागे घे."

तिला अठरा पूर्ण होईपर्यंत एका बंद कारखान्याच्या पटांगणात आम्ही नुसती गाडी मागे घेत होतो. संस्थेला कळले, तशी "मर्यादारेषा ओलांडल्याबद्दल" मला पत्र पाठवून कमी करण्यात आले. त्याच वर्षीच्या अहवालावर भिंगरीचा फोटो होता, खाली "आमची यशोगाथा". वार्षिक समारंभासाठी तिला भाषण लिहून दिले होते. तिने ते जसेच्या तसे वाचले, त्यातले "येथे कंठ दाटून यावा" हेसुद्धा. मागच्या रांगेत मला हसू इतके अनावर झाले, की दोघांनी धरून बाहेर नेले.

यशोगाथाच म्हणाल, तर ती परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, मध्ये वर्षभर न सांगता गायब होती, आणि जीभ अजून तशीच आहे. सध्या शाळेची व्हॅन चालवते. शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेली माझी गाडी तिला द्यावी. तो ब्रेक काढू नये. हल्ली तिच्याकडे एक पोरगी शिकायला येते, आणि ती कोणाचेही ऐकत नाही.

कलम ४. राहते घर भाच्याला. त्याने दोनदा छत नीट करून दिले, आणि माझ्या जाण्याची वाट पाहतानाही वागणे सभ्य ठेवले.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भिंगरी करील. घराचा ताबा भाच्याने तिच्या हातून घ्यावा, आणि घेताना तिला नावाने हाक मारावी. सहा वर्षे तो "ती मुलगी" म्हणत आला आहे.

हे कलम काल मी तिला वाचून दाखवले. ती नखे खाऊ लागली. मग म्हणाली, "घर मला दिलं असतं ना, तर विकून मोकळी झाले असते."

"माहीत आहे."

"देईन त्याला. पण आधी झाडून-पुसून घेईन. घाण ठेवली म्हणायला नको कोणी."

वरील मजकूर मी स्वतः वाचला, पटला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही : आत्या, मोटार शिकवणाऱ्या बाई

साक्षीदार :
१. डॉक्टर, दवाखाना कोपऱ्यावर
२. इस्त्रीवाले, दुकान समोर

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : १२ जून २०२३, सोमवार