स्वभावावर ढकललेलं दुखणं

बाबा,

आज दुपारी आईच्या दुसऱ्या तपासणीचा कागद आला. पोटात जंतू उरलेला नाही, व्रण भरला आहे. मी तो तिला वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "त्यायचं काई चुकलं नोहोतं. माहा सोभावच तसा होता." या वाक्यामुळे मी लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला काही सांगावंसं मला वाटलं नव्हतं.

तुम्ही शाळेत विज्ञान शिकवत होतात, त्यामुळे आईला काय झालंय हेही घरात तुम्हीच ठरवलंत. तिला राग फार येतो, रागाने पोटात आम्ल वाढतं, त्यावर तिखट, आणि त्यातून व्रण. म्हणून तिने तिखट सोडलं आणि राग करणंही सोडलं. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या त्या स्वयंपाकघरात ती मला अजून दिसते: तुमच्यासाठी पाट्यावर लाल मिरची वाटते आहे, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि बाजूला तिचा दूधभात गार होतो आहे. तुम्ही पहिला घास घेऊन विचारता, "आज तिखटाले हात आखडला काय?" ती हसते. निवृत्तीच्या समारंभात मिळालेला थर्मास तुम्ही सगळ्यांसमोर तिच्या हातात ठेवलात, दुधासाठी. पाहुण्या बायका म्हणाल्या, नवरा असावा तर असा.

पुढे तिच्या पोटाचा धाक सगळ्या घराला बसला. मला संशोधनासाठी पुण्याला जायचं होतं. तुम्ही नाही म्हणालात, मी कारण विचारलं आणि माझा आवाज चढला. तुमचा चढला नाही. तुम्ही फक्त दारात उभ्या असलेल्या आईकडे बोट दाखवलंत. "पाह्य, सुरू झालं तिचं. कर अजून भांडण." तिने खरोखरच पदर पोटाशी दाबून धरला होता. मी पुण्याला गेले नाही. हिंगणघाटला शिकवायची नोकरी धरली.

नव्वदच्या दशकात त्या जंतूबद्दलचे लेख आमच्या वाचनालयात येऊ लागले. तो जठरात राहतो, बरेचसे व्रण त्याच्यामुळे होतात आणि औषधाने तो जातो, असं त्यांत होतं. मी एका लेखाची झेरॉक्स घेऊन रविवारी एसटीने वर्ध्याला आले. तुम्ही समोरच्या खोलीत शेजारच्या काकांशी बोलत बसला होता. मी कागद पुढे केला. तुम्ही तो घेतला नाहीत. "एवढ्या आम्लात जंतू जगन काय? एम.एस्सी. केलं का भरतकाम शिकून आली?" काका मोठ्याने हसले. तो जंतू आपल्याभोवतीचं आम्ल मारून टाकतो, हे मी सांगायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "त्यापेक्षा तुह्या मायले डोकं शांत ठेवाले सांग." तुम्ही शिकलात तेव्हाच्या पुस्तकांत तसंच होतं, त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. कागद हातात घेतला नाहीत, त्याचा देते. तुम्ही होता तोवर तिला दुर्बिणीच्या तपासणीला जाऊ दिलं नाहीत आणि तुमच्यामागे तीच जायला तयार होईना. या दिवाळीत तिला काळं शौच झालं, व्रणातून रक्त जात होतं, तेव्हा मी तिला विचारत बसले नाही. रिक्षात बसवलं आणि दवाखान्यात नेलं. पहिल्या तपासणीत तोच जंतू निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या.

तो जंतू मी आता वर्गात शिकवते. पेशीचा कारभार निरोपांवर चालतो. वाढ, थांब, शेजारणीला धरून राहा, असे ते निरोप. हा जंतू जठराच्या पेशीला चिकटतो, सुईसारखी नळी खुपसतो आणि आपलं एक प्रथिन आत ढकलतो. पेशीचीच विकरं त्या प्रथिनावर खूण उमटवतात आणि मग ते आतले निरोप फिरवू लागतं. पेशी लांबट ताणली जाते, शेजारच्या पेशींची पकड सोडते, नको तेव्हा वाढू लागते. दुसरे काही जंतू तर असेच खोटे निरोप देऊन पेशीकडूनच स्वतःला आत ओढून घेतात. त्यांना भिंत फोडावी लागत नाही. परवा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, पण पेशीले समजत नाई काय, हे आपलं नोहे म्हणून?" वर्ग हसला. मी म्हटलं, तिला तो स्वतःचाच निरोप वाटतो. आणि फळा पुसून पुढचा भाग घेतला.

आज आईला मी विचारलं, मग औषधाने बरं कसं वाटलं?

"गोळ्यायचं निमित्त झालं. आता राग याले घरात आहे कोन? मी शांत झाली, तं पोट शांत झालं." मग हात पुढे केला. "दे तो कागद इकडे. त्यायच्या फोटोपाशी ठेवतो. बरं वाटन त्यायले."

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. चांगलं जहाल होतं, आणि त्यात तुम्ही होता. मी बोलले नाही. दोन्ही तपासण्यांचे कागद मी स्वतः वाचले आहेत, तरी तिचं पोट दुखेल अशी मला भीती वाटली. हे पत्र मात्र त्या फोटोपाशी ठेवणार नाही, तिथे ती रोज सकाळी पुसायला जाते. तिच्या हाती दिला तो तपासणीचा कागद, दोन घड्या घातलेला, आणि तो तिने स्वतः वाचावा म्हणून तिचा चष्मा.