संकष्टीच्या दुपारचा वरणभात

आई, तुझ्या नातीबद्दल सांगायचंय. तुला जाऊन वीस वर्षं झाली, ती नंतरची. पण घरात सगळे म्हणायचे, आजीवर गेलीये. अकरावीत तिनं सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. माझी छाती फुगायची. घोडबंदरच्या आमच्या सोसायटीत या वयाची दुसरी कुठली पोर उपास करते? कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं, उरलेल्या दिवशीही ती डबा मैत्रिणींना वाटून टाकत होती. नाव देवाचं होतं, भीती जाड होण्याची.

मी डोंबिवलीत विजेच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून रिवाइंड करतो, कुणाच्या हाताखाली न शिकता शिकलेलो. जळालेली मोटार उघडली की दोषावर बोट ठेवतो. तिच्या या न खाण्याच्या आजाराचंही सगळं वाचून काढलं आणि ठाण्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "नेमकं कशामुळे?" त्या म्हणाल्या, "काका, एकच कारण नसतं हो. थोडं रक्तातून येतं, थोडं स्वभावातून. सगळं बिनचूक हवं असतं ना, अशा मुलींना जास्त. त्यात कुणी अंगकाठीवरून बोललं, मुलीनं खाणं कमी केलं, की सुरू होतं." 'बिनचूक' म्हटल्यावर बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मला आठवलं, एका लग्नात पोरीची आत्या तिला हसत म्हणालेली, "काय गं, गाल केवढे सुटलेत!" पुढच्याच आठवड्यात सोमवार सुरू झालेला. "घरात आधी कुणाला?" बाईंनी विचारलं. मी ताडकन म्हटलं, "नाही."

आणि घरी येताना तू आठवलीस. कळव्याचं स्वयंपाकघर. आम्हाला साबुदाण्याची खिचडी वाढून तू कोरा चहा घेऊन ओट्याशी उभी आहेस. शेजारच्या काकू म्हणतायत, "वहिनी, तुम्ही अजून कॉलेजातल्या दिसता!" तू लाजून हसतेस. त्यानंतर तुझाही एक वार वाढला. ती श्रद्धा होती की आणखी काही, मला ठरवता येत नाही. तुला दोष देत नाहीये गं. ठरवता न येणं मला सहन होत नाही, एवढंच.

आता घरात उपास बंद, सगळ्यांनी एकत्र जेवायचं. काल संकष्टी होती. तू गेल्यापासून मी ती एकदाही चुकवलेली नव्हती. भर दुपारी तिच्यासमोर वरणभात घेऊन बसलो, पण पहिला घास उतरेना. तिनं पाहिलं. "पाणी पी ना बाबा," हळूच म्हणाली, "मग छोटा घास घे. मी पण तसंच करते." आणि मला दाखवायला म्हणून तिनं एक घेतला. मग मी, मग पुन्हा ती.

खरं सांगू का आई? चंद्राची वाट न बघता खाल्लेला तो भात फार छान लागला. हे तुला तोंडावर सांगायचं धाडस मला झालं नसतं.