कोरडा शिधा

प्रिय आबा,

परवा तुमचं वर्षश्राद्ध होतं. ते झालं नाही. भावकीत त्याबद्दल काहीबाही बोललं जातंय, म्हणून खरं काय घडलं ते मीच लिहिते.

महिन्यापूर्वी तुमचं कपाट आवरायला घेतलं. जुन्या धर्मशास्त्रावर तुम्ही आयुष्यभर टिपणं काढलीत, त्याच्या सात वह्या निघाल्या. सांगोल्याकडच्या धनगराचा मुलगा सोलापुरात संस्कृतचा मास्तर झाला, याचा मला केवढा अभिमान होता! वही उघडली तीही त्याच अभिमानानं.

तिसऱ्या वहीत ते पान होतं. चार-पाचशे वर्षांपूर्वी काशीतल्या पंडितांनी घालून दिलेले नियम, तुमच्या वळणदार अक्षरात. शूद्रानं वेदमंत्र उच्चारू नयेत, नुसतं 'नमः' म्हणावं. श्राद्धात ब्राह्मणाला शिजवलेलं अन्न वाढू नये, कोरडं धान्य द्यावं. खाली तुमचा शेरा, 'आपल्या घरी अजून हेच.' आणि तारीख. मी तेव्हा चौथीत होते.

म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.

आजोबांच्या श्राद्धाला आई पहाटे उठून स्वयंपाकाला लागायची. खीर, वडे, आमसुलाची चटणी. गुरुजी विधी उरकायचे आणि वाढलेल्या पानाकडं न बघता म्हणायचे, कोरडा शिधाच द्या. आई मुकाट्यानं सुपात तांदूळ, डाळ, गूळ घालून आणायची. तिनं विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, गुरुजींना पथ्य आहे.

मग एका पितृपक्षात शेजारच्या कुलकर्णीकाकूंकडं तेच गुरुजी दुसऱ्यांदा खीर मागून घेताना तिला दिसले. तिनं परत तुम्हाला काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी मात्र ओल्या लुगड्यानं स्वयंपाक केला. आदल्या दिवशी नखं इतकी मुळापर्यंत कापली, की दोन बोटांतनं रक्त आलं. तुम्ही समोर बसून पेपर वाचत होतात.

एक वाक्य बोलायचं होतं, आबा. का नाही बोललात? शाळेत सगळे 'सर' म्हणायचे, मग घरात बायकोपुढं शूद्र ठरायची लाज वाटली? त्यापेक्षा तिलाच अस्वच्छ ठरू दिलंत?

ते पान मी आईला वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. ती बराच वेळ आपले हात उलटेपालटे करून बघत राहिली.

"म्हंजी माझ्या हातात खोट नव्हती की," ती म्हणाली.



परवा त्या गुरुजींचा मुलगा आला. त्याला विभक्ती तुम्हीच शिकवल्या होत्या, आपल्याच बाहेरच्या खोलीत बसवून. आल्या आल्या त्यानं शिधा काढून ठेवायला सांगितला. आईनं पान वाढलं, पाट मांडला.

"बसा, जेवा," ती म्हणाली. "जेवायचं नसंल तर मंतर बी नगं."

तो चिडला नाही. पिशवी उचलली. दारात थांबून मला हळूच म्हणाला, "सर असते तर त्यांनी समजून घेतलं असतं."

खरं बोलला तो. तेच मला गिळता येत नाही.

काका तुमच्या आत्म्याला गती मिळणार नाही असं बडबडत उठून गेले. त्यांच्यामागं जमलेली सगळी भावकी उठली. राहिलो आम्ही दोघी. जेवलो. खीर फार छान झाली होती.

तुमच्या वह्या रद्दीत जाणार नाहीत. तुमच्याच नावानं छापून घेईन, हे वचन देते. पण त्या नियमाखाली आईची ही सगळी वर्षं येतील, एकही ओळ न गाळता. माफीचं मात्र मला विचारू नका. तो अधिकार तिचा आहे, आणि तिनं अजून काही ठरवलेलं नाही.

तुमची,
सुमन